तपासणीचा सदरा

पिकावर कीटकनाशक फवारताना किती औषध अंगावर येतं आणि कातडीतून आत जातं, हे तपासायचं काम मी एका हंगामात केलं. पद्धत साधी होती. फवारणाऱ्याला लांब बाह्यांचा कोरा पांढरा सदरा घालायला द्यायचा आणि काम झालं की तो तसाच प्रयोगशाळेत पाठवायचा. कापडात जे मुरलं ते कातडीपर्यंत पोचलं असतं, असं धरायचं. गावोगाव लोक नाही म्हणाले, तेव्हा मी बाभुळगावजवळच्या माझ्या मामाला गाठलं. भाचीला नाही म्हणायची मामाची काय बिशाद!

मामाला मी सगळे नियम तीनतीनदा सांगितले. मधे बिडी नाही, सदरा कुठे पुसायचा नाही, घरी आल्यावर तो मीच काढणार. मामी दारात उभी राहून हसत होती. "तुमची भाची तं मास्तरीनच झाली!" मामीला मी एवढंच सांगितलं, की यवतमाळहून आमचे साहेब येणार आहेत, चहाचं तेवढं बघ.

कपाशी मामाच्या छातीला लागत होती आणि पंपाचं झाकण गळकं होतं. दहाच्या सुमारास तो परतला तेव्हा सदऱ्याची पाठ ओलीगच्च. खरं सांगते, मला आनंद झाला. नमुना झकास मिळाला म्हणून. मामाला साबण देऊन अंघोळीला पिटाळलं, हातमोजे घालून सदरा दोरीवर अडकवला आणि साहेबांना आणायला गाडी घेऊन फाट्यावर गेले. बस यायला तासाच्या वर वेळ लागला.

परत आलो, तर दोरीवरचा सदरा पांढराशुभ्र. खाली पाणी ठिबकत होतं.

"हे कोणी केलं?" साहेबांसमोरच मी किंचाळले.

मामी पदराला हात पुसत आली. "काहून चिल्लावतं वं? असा वास मारनारा सदरा साहेबाच्या हातात देऊ काय? ब्रशनं घासला, तीन पान्यातून काढला."

मी तोंड सोडलं. महिन्याभराची मेहनत पाण्यात गेली, तुला कोणी सांगितलं होतं, विचारायचं तरी! मामी मटकन ओट्यावर बसली. तिच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"पोटात मयमय करून राह्यलं," ती म्हणाली. "अन् तुहं तोंड धुरकट काहून दिसते?"

मी तिची हनुवटी वर करून डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. विषबाधेचं हे लक्षण मला प्रशिक्षणात शिकवलं होतं, फवारणाऱ्यांसाठी. मग तिचे तळवे उलटे केले. निंदणानं पडलेल्या भेगा, आणि त्या भेगांतून तासाभरापूर्वी मामाच्या पाठीवरचं सगळं औषध गेलेलं.

तिला मोरीत नेलं, लुगडं सोडवलं, कोपरापर्यंत साबण चोळून बादल्यांवर बादल्या ओतल्या. "साहेब हाय न बाहीर," ती लाजून म्हणत होती. शेजारच्या ऑटोत घालून दवाखान्याकडे निघालो. तिची लाळ माझ्या खांद्यावर गळत होती. तिनं डोळे मिटू नयेत म्हणून मी भाजीत काय घालतेस, म्हैस किती दूध देते, वाट्टेल ते विचारत होते. उत्तरं तुटत चालली होती. पुढे बसलेला मामा सारखा मागे वळायचा. "फवारा म्या मारला. मंग इले कसं लागलं?"

डॉक्टरांनीही पहिल्यांदा तेच विचारलं. मग इंजेक्शनं सुरू झाली. संध्याकाळी बाहुल्या जराशा मोठ्या दिसल्या आणि मी बाहेर पायरीवर बसून रडले.

सदरा अर्थातच बाद झाला. मामीच्या रक्ताचा दवाखान्यातला अहवाल आमच्या तपासणीत घेता आला नाही, कारण ती फवारणारी नव्हती. आमच्या प्रश्नावलीत पंप कोणता, वारा किती, पिकाची उंची किती, सगळं होतं. कपडे कोण धुतं, हे नव्हतं. ती प्रश्नावली मराठीत मीच लिहिली होती.

चौथ्या दिवशी घरी न्यायला गेले, तर मामीनं माझा हात धरला.

"तुहा सदरा खराब केला म्या," ती म्हणाली. "साहेब लय रागावले काय तुले?"