सुनावणीला गाव का आलं नाही

ते प्रकरण अजून मनातून जात नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. साधी अर्ज चौकशी होती, आणि तरी तीच सगळ्यात जास्त सलते.

माझी शेवटची नेमणूक नावड्याच्या बाजूला होती. वरच्या धरणातून पाणी कधी आणि किती सोडायचं याचे नियम नव्याने ठरत होते. पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी ठेवली होती. बंदोबस्त आमचा. आमचे हवालदार साताऱ्याकडचे, मोकळ्या मंडपाकडे बघून म्हणाले, "साहेब, बंदोबस्त खुर्च्यांचा करायचा का?"

खालच्या गावातून एकच ताई आली. माहेर त्या गावातलं, लग्नानंतर महाप्याला राहणारी. आदल्या पावसाळ्यात दरवाजे उघडले तेव्हा तिचा धाकटा भाऊ जाळं काढायला नदीत उतरला होता. गावाला इशारा पोचलाच नाही, आणि भाऊ परत आला नाही. पाणी सोडण्याआधी गावात भोंगा वाजवा, एवढीच तिची मागणी होती. समोरचे अधिकारी म्हणाले, "मॅडम, तुम्ही महाप्याच्या. गावाला भोंगा हवा असता तर गाव आलं असतं." ग्रामस्थांची हरकत नाही, अशी नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी ती तक्रार अर्ज घेऊन ठाण्यात हजर. धरणाचं काम घेतलेल्या ठेकेदाराच्या एजंटने दम देऊन लोकांना अडवलं, असं तिचं म्हणणं. "साहेब, सगळे येतो म्हणाले होते. मी मीटिंग घेतली होती. एका रात्रीत सगळे कसे फिरले?"

एजंटला बोलावलं. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. हा दोन वाक्यांत आटपला. "साहेब, लोक आले काय, न आले काय, आपलं काम होणारच होतं. दम देऊन टेन्शन कशाला घेऊ?" मला त्याचा राग आला, पण तो खरं बोलत होता. आमच्या खबऱ्यानेही तेच सांगितलं, "एजंट नाय साहेब. गावातलाच कोणतरी बोललाय. देवळात बघा."

गावात जबाब घ्यायला गेलो. जो तो एकच म्हणत होता, "आमाला कोरटाच्या फेऱ्या नको." दहा माणसं एकच वाक्य बोलतात तेव्हा ते कुणीतरी पढवलेलं असतं, किंवा विश्वासाच्या माणसाने सांगितलेलं. पण इथे कोर्ट आलं कुठून? शेवटी मासळी निवडत बसलेली एक म्हातारी म्हणाली, "नानांनी देवलात सांगला ना, सुनावनीला जाव नका."

नाना म्हणजे त्या ताईचेच वडील.

त्यांना ठाण्यात बोलावलं, चहा दिला. तेही काही लपवायला आले नव्हते. "सांगला मी. सुनावनी म्हंजे कोरट. जमनीच्या दाव्यात माजा जलम गेला साहेब, नुसत्या तारका. पोरगी शिकलेली हाय, पन तिला कोरट ठावं नाय. पोर गेला, आता गाव कशाला अडकवू?" ताईने मीटिंगमध्ये सुनावणी म्हटलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. हा शब्द आपल्याला कळतो, असं दोन्ही बाजूंना वाटलं होतं.

मी समजावलं, की इथे वादी नाही, आरोपी नाही. नुसतं सांगायचं होतं.

"नुसता सांगाचा होता?"

ताई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "नाना, भोंगा मागायचा होता."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "त्यो त मी एकल्यानं मागला असता गो."

मी वर पत्र पाठवून सुनावणी पुन्हा घेण्याची विनंती केली. प्रक्रिया पूर्ण झाली आहे, असं उत्तर आलं. ताईने अर्ज मागे घेतला, तो दप्तरी दाखल केला. आयुष्यभर मी गुन्हेगार शोधले, इथे सापडला तो गावाच्या काळजीने झुरणारा बाप. कुणालाही अटक करून भागणार नव्हतं. सरकारी शब्द गावात सोडताना तो तिथे कोणत्या अर्थाने पोचतो, हे आधी विचारावं, इतकंच मी त्यातून शिकलो, आणि तेही उशिरा.

निघताना नाना दारात थांबले. "साहेब, माज्यावर केस हाय का?"

"नाही नाना. घरी जा."

"असती त बरा होता. तितं कोरटात कोनी विचारला त असता."