कुमैत घोडीची रूपपरीक्षा

आमच्या यांचं नाव मी आयुष्यात उखाण्याशिवाय घेतलं नाही, आणि आता या वयात कुठे घेत बसू? तेव्हा 'हे' म्हटलं की माझा नवरा समजावं. घोडीलाही नाव नव्हतं. तांबूस काळसर अंग, म्हणून ती कुमैत. एवढ्यावर भागत होतं.

मी आणि ती घोडी एकाच दिवशी सासरी आलो. माझ्या वडिलांनी आंदण म्हणून दिली होती. तापीच्या काठचं ते गाव, कपाशी-केळीचं रान, आणि आमचं गुजर घर. घरात माणसं पुष्कळ, आणि नव्या सुनेचा पदर हनुवटीच्या खाली. पहिलं वर्षभर मी सासरच्या कुणाचं तोंड नीट पाहिलंच नाही. पाहिले ते पाय. सासऱ्यांचे लांबट, नखं पिवळी. सासूबाईंच्या पायात वाळे, टाचा भेगाळलेल्या पण चाल तुरुतुरु. आणि यांचे पाय मी हजारात ओळखले असते, कारण उभं राहिलं की उजवं पाऊल डाव्यावर ठेवायची यांना खोड होती. लहान पोराला लघवीला लागल्यावर ते जसं उभं राहतं, तस्सं.

हे रोज सकाळी धोतराच्या कमरेच्या गाठीत गूळ बांधून गोठ्यात जायचे आणि घोडीला भरवायचे. घोडी इतकी सोकावली होती की हे दिसले की तोंड थेट यांच्या कमरेला. मी चुलीपुढून पदराच्या फटीतून बघायची आणि जळायची. आलो आम्ही दोघी एका दिवशी, गूळ मात्र तिलाच! मला मेलं कधी खडा दिला नाही. चारचौघांच्या घरात बायकोला गूळ कोण देणार म्हणा, पण राग यायचा तो यायचाच.

मग बेचाळीसचं साल आलं. नंदुरबारात मिरवणुकीवर गोळ्या चालल्या, कोवळी पोरं गेली. हे तेव्हा कापसाच्या कामाने नंदुरबारातच असायचे. त्यानंतर कुठेतरी तारा तुटल्या, कुठे रूळ उखडले, आणि एक दिवस पोलीस आमच्या दारात. हे त्याच्या आधीच पसार झालेले. जाताना घरी आले नाहीत, मला एका शब्दाने सांगितलं नाही. कुणी म्हणे सुरतेकडे गेले, कुणी म्हणे तोरणमाळच्या वर, पावरा आदिवासींच्या पाड्यांत आहेत. जिवंत आहेत का, हेही खात्रीने कुणी सांगेना.

घरात असं काही झालं की माणसं कारण शोधतात. आमच्याकडे ते घोडीच्या तोंडावर सापडलं. तिच्या उजव्या डोळ्याखाली केसांचा बारीक भोवरा होता. घोडं बघणारा माणूस आधी हे भोवरे बघतो. गळ्याखाली असला तर देवाचा, भाग्याचा. डोळ्याखाली असला तर आसवांची वाट, घरात रडं आणणारा. तो भोवरा पहिल्या दिवसापासून तिथे होता, पण हे घरात होते तोवर कुणाला दिसला नाही. आता येणारा-जाणारा घोडीच्या डोळ्याखाली बोट नेऊ लागला. खरं बोट माझ्याकडे होतं, मला काय कळत नव्हतं? दोघी एकाच दिवशी आलेल्या. सुनेला विकता येत नाही, म्हणून घोडीवर आलं.

सासरे एका संध्याकाळी ओसरीवरून म्हणाले, "सारंगखेडाना मेळामा घोडी इकी टाकू. पोऱ्यानी खबर ऱ्हाती तं गोष्ट येगळी व्हती."

मी चुलीपुढे भाकरी करपवली. माहेरचं एवढंच एक जिवंत माणूस माझ्याजवळ होतं, आणि यांचा हात लागलेलंही तेच. सासऱ्यांशी बोलायची तर रीत नाही. रात्रंदिवस मनात एकच, यांची काहीतरी खबर येऊ दे आणि घोडी राहू दे.

खबर आली नाही, दत्तजयंती आली. आमची बैलगाडी सारंगखेड्याला निघाली, मागे घोडी बांधलेली.

त्या साली मेळा भरू देतील का याचीच सगळ्यांना शंका होती. जमावबंदी लागू होती. पण देवाची जत्रा आणि जनावरांचा बाजार, म्हणून परवानगी मिळाली. तापीचं वाळवंट घोड्यांनी भरून गेलं होतं. मारवाडी आले होते, काठेवाडी, सिंधी, पंजाबी, आणि एक लालबुंद दाढीचा काबुली. आमच्या लेखी हे सगळे वेगवेगळे देशच. प्रत्येकाचा राजा वेगळा, पागोटं वेगळं, आणि शिव्याही वेगळ्या. दर वर्षी मेळ्यात घोड्यांची रूपपरीक्षा व्हायची. माणसांनी दोऱ्या लावून रिंगण करायचं, घोड्या नटवून त्यात फिरवायच्या, आणि देशोदेशीचे पंच ठरवणार सगळ्यांत देखणी कोण. त्यात फिरलेली घोडी लवकर खपते, म्हणून सासऱ्यांनी आमचीही घातली.

मेळा निर्विघ्न पार पडावा म्हणून मंडळींनी एक शक्कल काढली होती. बंदोबस्ताला आलेल्या फौजदारालाच पंचांत बसवलं. देशावरचा गडी, मिशा राखलेला, घोड्यातलं काही कळत नव्हतं, पण गळ्यात हार पडल्यावर स्वारी खूश. एक शिपाई शेजारी उभा, त्याच्या हातात फरारी माणसांचे फोटो. त्यात आमचे हेही असणार, हे माझ्या ध्यानात आलं.

बाकी पंचांचं काय वर्णावं! काठेवाडी म्हणे, घोडीच्या कानांची टोकं वर एकमेकांना टेकलीच पाहिजेत, नाहीतर ती घोडीच नव्हे. सिंधी म्हणे, कान काय चाटायचे आहेत? पाठीवर दुधाचा पेला घेऊन बसलं तरी थेंब सांडू नये, अशी चाल हवी. पंजाब्याला पांढरं अंग आणि गुलाबी नाक सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. काबुली कुणाचंच ऐकत नव्हता, येईल त्या घोडीचा जबडा उघडून दात बघत होता. फौजदार सगळ्यांना "हो, हो, बरोबर" म्हणत होता. मला माझं लग्न जमल्याचा दिवस आठवला. मला बघायला आलेल्यांनी असंच केलं होतं. चालून दाखव, केस सोडून दाखव, हसून दाखव. घोडीचं एक बरं, तिला सुपारी कातरून दाखवावी लागत नाही.

आमच्या घोडीला सासूबाईंनी मण्यांची झूल आणि लोकरी गोंडे घातले होते. एक गोंडा मुद्दाम भोवऱ्यावर येईल असा. पण घोड्याचे पंच ते, गोंडा बाजूला सारल्याशिवाय राहतात होय? मारवाडी पंच हात झटकून मागे सरला. माझ्या मनात आशा उगवली की आता हिला कोणी घेत नाही. तोच काठेवाडी पुढे आला, तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला आणि सासऱ्यांना म्हणाला, "आमच्याकडे डोळे बघतात. डोळ्याखाली काय का असेना. फेरी झाली की बोलू." म्हणजे झालं. जनावराचा सौदा तोंडाने होत नाही, रुमालाखाली हातात हात घालून बोटांनी होतो. काठेवाड्याने रुमाल खांद्यावरून काढून तयारच ठेवला.

फेरीची वेळ झाली आणि घोडी अडून बसली. आमच्या सालदार गड्याने ओढली, सासऱ्यांनी चुचकारली, पाय रोवून उभी ती उभी. लोक हसायला लागले. सासऱ्यांचे पिवळ्या नखांचे पाय वाळूत इकडून तिकडे नाचत होते. सासूबाईंना हसणारी माणसं खपत नाहीत. त्या माझ्या कानाशी आल्या.

"वहू, तू जाय."

"मी?"

"मंग काय मी जाऊ? तुन्हा माहेरनी शे, तुन्ह आयकी."

पदर हनुवटीखाली ओढला आणि दोर हातात घेतला. मेळ्यात एकदम शांतता झाली. सून रिंगणात, असं कुणी बघितलंच नव्हतं. मला तर काहीच दिसत नव्हतं, वाळू तेवढी. पण मी "चल गं" म्हटलं आणि घोडी चालली. काय चालली! सिंध्याच्या पेल्यातला थेंब सांडला नसता. खरं सांगायचं तर मी तिला नेत नव्हते, तीच मला नेत होती. आणि मला लाज वाटायच्या ऐवजी मजा वाटायला लागली. एवढी माणसं आपल्याला बघतायत आणि एकालाही आपलं तोंड दिसत नाही, हे मोठं मजेशीर असतं.

फेरी संपत आली आणि घोडी थबकली. मान वळवली आणि दोरीच्या पलीकडे तोंड खुपसलं. तिथे डोंगरातली माणसं बांबूच्या टोपल्या, डिंक, चारोळी घेऊन बसली होती. घोडी कुणाच्या तरी कमरेशी हुंगत होती, फुरफुरत होती, सोडायला तयार नव्हती. मी पदराच्या खाली बघितलं. मळकी लंगोटी, खाली राखेने माखलेल्या, काट्यांनी ओरखडलेल्या पोटऱ्या. आणि उजवं पाऊल डाव्यावर.

जिवंत आहेत! एवढंच वाटलं, आणि वाटलं की तिथेच वाळूत बसून मोठ्याने रडावं. पण फौजदाराची खुर्ची हाकेच्या अंतरावर. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फौजदार म्हणाला, "ही घोडी त्या माणसाला ओळखते काय? बघा रे कोण आहे." शिपायाचे बूट वाळूत वाजू लागले.

मग मी काय केलं ते मला आजही खरं वाटत नाही. दोराचं मोकळं टोक गरकन फिरवलं आणि यांच्या पाठीत एक सणसणीत ओढलं.

"मेल्या, गूळ दखाडीसन घोडी फितवस का? लाज शे का नही तुले? तुन्हा बापनी घोडी शे का हाई?"

आणि आणखी एक ठेवून दिला.

आमच्याकडे सून सासऱ्यांसमोर तोंड उघडत नाही, आणि नवऱ्याला नुसतं 'अरे' म्हणणारी बाई तर उभ्या खानदेशात कुणी पाहिली नव्हती. बूट जागच्या जागी थांबले. टोपल्यांमागून एक म्हातारा पावरा उठला, यांचा कान धरला आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "साहेब, माझा जावई. डोकं फिरलंय. जनावर दिसलं की हात लावतो."

आधी काबुली हसला. त्याला यातलं अक्षर कळलं नव्हतं, पण हसला तो ढगासारखा गडगडाट करून. मग सगळा मेळा हसायला लागला. फौजदार पोट धरून म्हणाला, "घोडी राहू द्या हो, बक्षीस या बाईलाच द्या! आणि बाबा, जावयाला घेऊन जा, नाहीतर ही जिता ठेवायची नाही." म्हाताऱ्याने यांना कान धरूनच गर्दीबाहेर नेलं. मी पायांकडे बघत राहिले, ते टोपल्यांच्या आड गेले तोवर.

पहिलं बक्षीस पंजाब्याच्या पांढऱ्या घोडीला मिळालं. गुलाबी नाक, दुसरं काय. मी घोडी घेऊन सासऱ्यांपाशी आले तेव्हा काठेवाड्याने रुमाल पसरून हात पुढे केला होता. सासऱ्यांचा हात रुमालाखाली गेला. 'तुन्हा बापनी घोडी' म्हणताना तो बाप दहा हातांवर होता, त्याला काय कळलं असेल आणि काय नाही, मला समजेना. मग पाहिलं, सासऱ्यांच्या पायांची बोटं डोंगरातल्या माणसांच्या टोपल्यांकडे वळलेली होती. त्यांनी हात रुमालाखालून काढून घेतला.

काठेवाडी चक्रावला. "का हो? आता तर देणार होता."

"मी कोन देनार," सासरे म्हणाले. "घोडी वहूनी शे. तिले इचारा."

काठेवाडी माझ्या पदराकडे वळला. सासऱ्यांपुढे मी त्या दिवशी दुसऱ्यांदा तोंड उघडलं. नाही म्हटलं.

परतताना गावाच्या शिवेवर सासूबाईंनी गाडी थांबवली, खाली उतरल्या, पुडीतलं मेळ्याचं कुंकू काढलं आणि घोडीच्या डोळ्याखालच्या त्याच भोवऱ्यावर बोट टेकवलं. मग मागे वळून तेच बोट माझ्या कपाळावर टेकवलं. पदर वर करून. त्या दिवशी मी सासूबाईंचं तोंड पहिल्यांदा नीट पाहिलं. रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि दिसायला फार चांगल्या होत्या हो.

हे घरी आले ते पुढे वॉरंट उठल्यावर. वाळलेले, काळवंडलेले, दाढी वाढलेली, पण धड. घरभर माणसं लोटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात शेण काढत होते, तर मागे पावलं वाजली. उजवं डाव्यावर.

"एक इचारू?" हे म्हणाले. "पहिला फटका फौजदाराकरता व्हता, ते समजलं. दुसरा कसाले मारा व्हता?"

"न सांगता ग्यात, त्याना फटका व्हता तो," मी म्हटलं, आणि शेणाची पाटी उचलली.

यांनी कमरेची गाठ सोडली. आत गुळाचे दोन खडे होते. एक घोडीच्या तोंडात घातला, आणि दुसरा, माझे हात शेणाने भरलेले होते म्हणून, पदर सारून माझ्या तोंडात.