प्रिस्का आंटी आधी डबी उलटी करते

मासळीबाजारात बांगडे निवडता निवडता बायजा मावशी आईला म्हणाली, "त्या औसदवालीनं जीनाचा धंदा बुडवला गो. आता तीच विकनार बघ त्या हिरव्या डब्या. कोनाला सांगू नको हां!" माझ्यासमोर हेच तिने आणखी चौघींना सांगितलं, आणि प्रत्येकीला वर "कोनाला सांगू नको" आहेच.

बायजा मावशीचा आवाज मला हुबेहूब जमतो, पण तिची बातमी साफ खोटी आहे.

ही 'औसदवाली' म्हणजे प्रिस्का आंटी, माणिकपूरच्या मेडिकलमध्ये बावीस वर्षं फार्मासिस्ट. दुकान तिचं नाही, मग विकणार काय? चष्मा कपाळावर, आणि हातात काहीही दिलंत तरी आधी उलटं करून मागचं वाचणार. बिस्किटाचा पुडासुद्धा. "पाठ वाच गं. तोंड काय, सगळेच रंगवतात."

माझी बहीण रोवेना हिचं लग्न राखेच्या बुधवाराआधीच्या शनिवारी ठरलं होतं. त्या बुधवारी चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला की ईस्टरपर्यंत चर्चमध्ये लग्न नाही, त्यामुळे तारीख हलणं शक्यच नव्हतं. आणि आमच्या घरच्या शहाण्यांनी गाऊन शिवायला टाकला गेल्या वर्षीच्या मापाने! कशाला, तर "तोवर होईल बारीक." चेन पाठीवर अर्ध्यात अडकली. शेजारची जीना आंटी घरून बारीक व्हायची पावडर विकायची, तिने हिरवी डबी आणून दिली. पानाचं चित्र, 'शंभर टक्के हर्बल', सकाळ-संध्याकाळ एक चमचा.

रोवेना बारीक झाली खरी. पण झोप उडाली, तोंडाला कोरड पडली, चहाचा कप बशीत खडखडायला लागला. आम्ही म्हटलं, लग्नाची धडधड. ती झोपेची गोळी मागायला मेडिकलमध्ये गेली, मी सोबत.

"चिठ्ठीशिवाय गोळी नाही," प्रिस्का आंटी म्हणाली. मग तिने रोवेनाचं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. "एकशे चोवीस. काय खातेस?"

"काही नाही. हर्बल आहे."

"धोतरापण झाडालाच येतो, बाय! डबी आण."

मी पळत जाऊन आणली. आंटीने ती उलटी केली. कंपनीचा पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नाही, तारीख नाही. मागची बाजू आमच्या केळीच्या पानासारखी कोरी. आंटीने चष्मा डोळ्यांवर घेतला, शटर अर्धं ओढलं आणि रोवेनाला रिक्षात घालून स्वतः डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर चालू ठेवलं असतं तर लग्नाऐवजी आयसीयू.

संध्याकाळी आंटी जीना आंटीच्या घरी गेली. आम्हाला वाटलं, आता भांडण. जीना आंटी रडायलाच लागली, "अगं, मी स्वतः खाते ते!" झालं, दुसऱ्या दिवशी तिचीही रिक्षा डॉक्टरांकडे. माल पाठवणाऱ्याचा नंबर जीना आंटीनेच दिला, उरलेल्या सहा डब्याही तिनेच बाजूला ठेवल्या. धंदा बुडवला म्हणे!

आंटीने अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार लिहिली, फोटोंसकट दोन पानं. मी लगेच सरकारी कारकुनासारखं नाकात बोलून दाखवलं, "कागद वर पाठवलाय, साहेब मीटिंगमध्ये आहेत, सोमवारी या." आंटी इतकी हसली की कपाळावरचा चष्मा खोकल्याच्या बाटल्यांत पडला.

"पैज लाव," ती म्हणाली. "राखेच्या बुधवाराआधी माणूस येतो."

"नाही आला तर काउंटरवर उभी राहून तुमचीच नक्कल करणार. गिऱ्हाइकांसमोर."

"आला तर, लोक उपवासकाळात मटण सोडतात तशा तू नकला सोडायच्या. चाळीस दिवस."

मी हसत हात मिळवला.

टेलरने गाऊनच्या दोन्ही शिवणी उसवून मधे लेस बसवली. रोवेना त्यात मावली, जेवली आणि पहाटेपर्यंत नाचली. फुगे म्हणजे आमच्या लग्नातले तळलेले गोल पाव; त्यांची तळणीतून निघालेली पहिली टोपली आईने प्रिस्का आंटीकडे पाठवली.

सोमवार गेला. कोण येतंय! मी काउंटरसाठी आंटीचा आवाज घोटून तयार.

मंगळवारी दुपारी जीना आंटीच्या ओटीवर औषध प्रशासनाच्या एक मॅडम आल्या. खांद्याला पिशवी, तीत लाख, सील, कागद. डब्या मोजल्या, उलट्या केल्या (प्रिस्का आंटी किती खूश!), नमुने बांधले. "साक्षीदार कोण?" रोवेना पुढे झाली. तिने पेन धरलं. आम्ही सगळे तिच्या बोटांकडे बघत होतो. सही एकदम सरळ आली, एक अक्षर हललं नाही. आईने डोळे पुसले आणि प्रिस्का आंटीचा हात धरला तो सोडेचना.

आणि त्या मॅडमचा आवाज! प्रत्येक वाक्याच्या शेवटी शिट्टीसारखं बारीक "बरं का". असा आवाज दहा वर्षांत एकदा मिळतो. माझं तोंड उघडलं.

आंटीने चष्म्यावरून बघितलं. "उद्या बुधवार. पैज आठवते ना?"

"हो, आंटी," मी म्हटलं. माझ्याच आवाजात.