मधाच्या दारूचं उद्घाटन

इचिकावात आल्यावर चार वर्षं मी घरीच होते. नवरा टोकियोतल्या एका संस्थेत संशोधक. माझी मायक्रोबायोलॉजीची एमएस्सी कपाटातल्या फाइलमध्ये. मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा स्टेशनजवळच्या मधाच्या दुकानात बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, धरलं. बाटल्या भरायच्या, लेबलं चिकटवायची.

मालक सत्तरीचे. फुकुशिमात त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. भूकंपानंतर गाव सोडावं लागलं, पेट्या तिथेच राहिल्या, आणि ते मुलीकडे राहायला आले. मी त्यांना ओजीसान म्हणायचे, आजोबा. त्यांना मीड करायची होती, मधात पाणी घालून आंबवलेली दारू. परवाना हातात येईपर्यंत त्यांनी एक थेंबही आंबवला नाही. तो आला, आणि पहिल्याच टाकीतले बुडबुडे आठव्या दिवशी थांबले.

"बिघडलं," ते म्हणाले.

"नाही. यीस्ट उपाशी आहे," मी म्हटलं. "नुसत्या मधावर त्याचं पोट भरत नाही."

त्याला खाद्य दिलं, खोली जरा उबदार ठेवली. तिसऱ्या दिवशी टाकी पुन्हा फसफसायला लागली. ओजीसान तिला कान लावून किती तरी वेळ उभे होते. "मधमाश्यांच्या पेटीसारखं वाजतंय," म्हणाले.

उद्घाटन सप्टेंबरातल्या एका रविवारी ठरलं. "साडी नेसून या," त्यांनी सांगितलं. "पहिली बाटली तुम्हीच उघडायची." मी आनंदाने हो म्हटलं. पण त्याच आठवड्यात सासरे पुण्याहून राहायला आले. मी मधाच्या दुकानात पॅकिंग करते, एवढंच त्यांना माहीत. निवृत्त मुख्याध्यापकांना कसं सांगायचं, की सून दारू करते?

"सांगून टाक, बाबा काही खात नाहीत तुला," नवरा म्हणाला. शनिवारभर मी शब्द जुळवत राहिले. रविवारी सकाळी ओजीसानना मेसेज केला: मुलाला ताप आहे, येता येणार नाही. मुलगा तेव्हा समोर बसून पोहे खात होता.

संध्याकाळी बेल वाजली. दार मुलानेच उघडलं. बाहेर ओजीसान, अंगात सूट, हातात नाशपतींची पिशवी.

"ताप उतरला का?"

"कसला ताप?" मुलगा जपानीत म्हणाला आणि आत पळाला.

मी पुढे झाले. ओजीसाननी माझ्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या सासऱ्यांकडे. "लवकर बरा झाला. छान," म्हणून पिशवी माझ्या हातात दिली, सासऱ्यांना वाकून नमस्कार केला आणि गेले.

"कोण गं हे?" सासऱ्यांनी विचारलं. मग मी सगळं सांगितलं. "मी पीत नाही," ते म्हणाले, "म्हणून तू केलेलं बघायलाही आलो नसतो, असं वाटलं तुला?"

पहिली बाटली ओजीसानच्या मुलीने उघडली होती. सोमवारी ते नेहमीसारखेच वागले. फक्त त्यानंतर चव बघायला पाहुणे आले की मला बाहेर बोलवायचे नाहीत; मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून असावं. मी तरी कुठे आपणहून गेले?

दोन वर्षांनी नवऱ्याला कावासाकीत नोकरी लागली, घर तिकडे हलवायचं ठरलं. शेवटच्या दिवशी माफीचं वाक्य जपानीत पाठ करून गेले होते. यीस्टचं खाद्य, टाकीचं तापमान, सगळं त्यांच्या मुलीला लिहून दिलं. ते वाक्य तेवढं राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात ते गेल्याचं तिचं पत्र आलं. उत्तर लिहायला मला आठवडा लागला, आणि त्यातही मी मीडबद्दलच लिहिलं.