पूजेच्या तांब्यातलं पाणी

त्या दुष्काळात आमच्या गावाला टँकर मिळायचा असेल, तर घरटी माणसांची यादी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाराच्या आत कॉम्प्युटरवरून शिरूर अनंतपाळला, तालुक्याला, पाठवायची होती. मी ग्रामपंचायतीत ऑपरेटर. त्या दिवशी सकाळी बसले तर कीबोर्ड बिघडलेला. एक बटण दाबावं तर उमटेना, दुसरं दाबावं तर थांबेना.

चूक माझीच. खंडेनवमीला मी त्याची मनापासून पूजा केली होती. पाणी शिंपडून, ओलं कुंकू, अक्षता लावून.

ग्रामसेवक शेषेराव म्हणाले, "ताई, माणसांना प्यायला न्हाई, अन् तुम्ही ह्याला आंघोळ घातली?"

शिरूरच्या दुकानात नवा नव्हता. लातूरहून आणायचा तर दिवस गेला असता. कीबोर्ड पदराखाली घेऊन मी शिवमूर्तीअप्पांकडे गेले.

अप्पा टाइपरायटर दुरुस्त करायचे. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्या वाढल्या, आणि सायकलला हत्यारांची पिशवी अडकवून अप्पा या कचेरीतून त्या कचेरीत फिरायचे. पुढं कॉम्प्युटर आले, पिशवी खुंटीला गेली. त्यांनी कधी कुणाला बोल लावला नाही.

मी गेले तेव्हा ते लिंगपूजेला बसत होते. पूजेशिवाय घास घ्यायचे नाहीत. तसेच उठले.

"आण माय."

हात कापायचे, पण पेचकस स्क्रूच्या खाचेत बसला की स्थिर व्हायचे. आत प्लास्टिकचे पातळ पापुद्रे, त्यांच्यात कुंकवाचा चिखल आणि चार तांदूळ.

"पुसायला गोडं पाणी पायजे. बोअरचं वाळलं की पांढरं धरतंय."

घरात गोडं पाणी पूजेच्या तांब्यात होतं, तेवढंच. अप्पांच्या बायको, गौरम्माकाकू, दारातून म्हणाल्या, "मग लिंगाला काय घालताव? बोअरचं खारं तर चालत न्हाई तुमाला. दिवसभर उपाशी बसताव का?"

"बसू की. गावाचं काम हाय."

त्या तांब्यात फडकं बुडवून अप्पांनी पापुद्रा न् पापुद्रा पुसला, पंख्याखाली वाळवला. सव्वाअकराला बटणं चालू झाली. पावणेबाराला यादी गेली.

मग मी गोड्या पाण्यासाठी घागर घेऊन घरोघर फिरले. दिवेलागणीला एका घरी तांब्याभर मिळालं. तेव्हा अप्पांची पूजा झाली, तेव्हा ते जेवले.

चौथ्या दिवशी टँकर आला. पहिला तांब्या मी अप्पांकडं नेला.

"लिंगाला बी टँकर लागला म्हण की," अप्पा हसले. मला हसू आलं नाही.

अप्पा जाऊन तीन वर्षं झाली. खंडेनवमीला मी अजूनही पूजा करते. कीबोर्डवर कोरडं फूल ठेवते. ओलं कुंकू लावते ते अप्पांच्या पेचकसाला. काकूंनी तो मला दिला.