जुन्नरात भेटलेला चकवा

चहा आधी खाली ठेवा, मग ऐका. नाकातून बाहेर आला तर माझ्या नावानं बोंब नको!

मी काय साधीसुधी बाई नाय. माहेर डोळखांबच्या वरचा पाडा, सासर मुरबाडच्या पुढं, नाणेघाटाच्या पायथ्याला. शाळा चौथीपर्यंत. पण रानातली वाट मला कोणी शिकवायची गरज नाय. आजवर मी हरवले नाय, हरवलेल्या लोकांना शोधून आणलंय. शनिवार-रविवार मुंबईची पोरं घाटात येतात, मोबाईलवर वाट बघतात आणि करवंदाच्या जाळीत घुसतात. बाहेर कोण काढतं? मी. वर दोन शिव्या फुकट.

आणि ही अशी बाई भरदुपारी, भरवस्तीत, जुन्नरसारख्या शहरात हरवली! तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. नाय भागलं.

झालं असं. माझी पोरगी दिपाली, तिला स्थळ आलं. पोरगा सागर, मुरबाडला कंपनीत कामाला, घर जुन्नरला. पोराची आई आणि मामा येऊन पोरगी बघून गेले. पसंत. पोराचा बाप काय आला नाय, त्याच्या शेतात कांदा काढणीला आलेला. दिपालीला पोरगा एवढा आवडला, एवढा आवडला की भाकरी थापता थापता एकटीच हसायची. मला म्हणाली, "आये, तू घर बघायला जातेस, जा. पण तोंड सांभाळ. माझं जमलेलं मोडू नको."

"मी काय मोडायला चाललेय?"

"तू बोललीस की आपोआप मोडतं."

आता आमची एक रीत आहे. पोरीचं घर बघायच्या आधी गाव बघायचं. गुपचूप, पायी. नळावर बायका कशा भांडतात, शेतात काय उभं आहे, दुकानदार त्या घराचं नाव काढल्यावर तोंड कसं करतो, सगळं बघायचं आणि मग घरात पाय टाकायचा. आपण कोण ते कोणाला कळू द्यायचं नाय. कळलं की लोक गोडच बोलतात ना!

निघालो तिघं. मी, आमचे हे आणि माझी नणंद भामा वन्सं. घाट चढूनच जायचं असं मी ठरवलं. आमची जुनी माणसं तांदूळ डोक्यावर घेऊन त्याच वाटेनं जुन्नरच्या बाजाराला जायची, मग आमाला काय धाड भरलीय? वन्सं घाटभर ह्यांच्या मोबाईलमध्ये फोटो काढत चालल्या. घाटातल्या लेण्यात कोरलेल्या अक्षरांचा फोटो, घाटमाथ्यावरच्या मोठ्या दगडी रांजणाचा फोटो, रांजणाशेजारी स्वतःचा फोटो. दोन्ही एकाच आकाराचे, पण मी बोलले नाय. पोरीनं तोंड सांभाळायला सांगितलेलं. घाटमाथ्यावर जीप मिळाली आणि जुन्नरला उतरेपर्यंत मोबाईल मेला.

"आता त्यांचं घर कसं शोधायचं गो?" हे म्हणाले.

"आधी गाव बघू. घर कुठं पळतंय?"

शहर मात्र बघण्यासारखं हो! समोर शिवनेरी उभा, जिकडं जावं तिकडं दिसतो. जुन्या दगडी भिंती, बोळ एवढे अरुंद की समोरून म्हैस आली तर आपण मागं व्हायचं. एका बांगडीवालीकडं मी सहज बांगड्या बघतेय असं दाखवून सागरच्या घराची चौकशी केली.

"लय चांगली माणसं," ती म्हणाली. "सागरची आई कामाची. बाप तर गाय आहे गाय. जरा भित्रा आहे एवढंच."

भित्रा सासरा! अहो, पोरीच्या आईला आणखी काय पाहिजे? मी खूश होऊन दोन डझन बांगड्या घेतल्या.

दुकानातून बाहेर पडलो आणि मागून हाक आली. "ओ पाव्हणं! पाव्हणं!"

वळून बघितलं तर बोळाच्या तोंडाला एक उंच, काळा, वाळका माणूस. पांढरा सदरा, पांढरी टोपी. हात हलवून बोलवतोय. आमी तर या गावात कोणाला माहीत नाय! मग हा कोण? मी म्हटलं, गावात बातमी फुटली, चला. डावीकडं वळलो. पुढं एक मारुतीचं देऊळ, शेजारी पिंपळ. तिथून परत डावीकडं. मागून परत, "ओ पाव्हणं! पाव्हणं!" की परत डावीकडं. आणि समोर काय?

मारुतीचं देऊळ! शेजारी पिंपळ!

"जुन्नरला मारुती बरेच दिसतात," हे म्हणाले.

"पिंपळाखाली तीच कुत्री झोपलीय, ती पण बरीच आहेत का?"

परत चाललो. परत तो माणूस. परत दोन हाका. परत डावीकडं. परत मारुती! आता कुत्रीसुद्धा उठून आमच्याकडं बघायला लागली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. रानात जन्म गेला माझा, ही खूण मला कळणार नाय?

"चकवा!" मी म्हणाले.

वन्संनी माझा दंड धरला. "शहरात? दुपारचा?"

"त्याला काय पास लागतो का शहरात यायला? बघा ना, दोनच हाका मारतो. तिसरी मारत नाय!"

आता तुमाला माहीत असेलच, पण शहरातल्या पोरींसाठी सांगते. चकवा माणसाला त्याच त्याच जागी फिरवतो. कधी माणसाचं रूप घेऊन हाका मारतो. पण तिसरी हाक त्याला मारता येत नाय, म्हणून आमच्याकडं तीन हाका झाल्याशिवाय कोणी ओ देत नाय. दिली की गेलात!

हे हळूच म्हणाले, "मला तर वाटतं त्याला दम लागतोय, म्हणून दोनच मारतो. बिचारा पाणी प्यायला बोलवत असेल."

"तुमी गप बसा! असंच पाणी पाजतात आणि विहिरीत ढकलतात."

गावातून बाहेर काढायचं म्हणून दोघांना फरफटत वेशीबाहेर शेताकडं नेलं. म्हटलं, शेत म्हणजे आपला मुलूख. कांदा, ऊस, द्राक्षाचे मांडव, मधून बांध. बांधावर जरा श्वास घेतो तर दूर, वेशीजवळ, पांढरी टोपी! आमच्याच दिशेनं!

मग मी ठरवलं. याच्यावर आमच्याकडं जालीम उपाय आहे. कपडे उलटे घालायचे, चपला उलटसुलट पायात घालायच्या आणि तोंडावर सणसणीत शिव्या द्यायच्या. चकवा आपोआप फिरतो.

"उसामागं चला," मी म्हटलं. "बदला."

ह्यांनी नवा सदरा उलटा केला, खिसा आत, शिवण बाहेर. मी आणि वन्संनी लुगडी उलटी नेसली. माझं नवंकोरं, बुट्ट्यांचं, पोरीच्या सासरी मिरवायला घेतलेलं! उलटं केल्यावर सगळे दोरे लोंबायला लागले, जसं काय उंदरानं कुरतडलंय. पोलक्याला हात लावला नाय, तेवढी लाज शिल्लक होती. चपला डावीची उजव्या पायात, उजवीची डाव्या पायात. केस सोडा असं वन्सं म्हणाल्या, ते उपायात बसत नाय, पण मी म्हटलं, सोडून टाकू, एवढं केलंय तर.

आणि उसातून बाहेर आले ते थेट त्याच्या समोर!

तो आमच्याकडं बघत राहिला. वरून खाली. खाली पोचला, माझ्या पायांकडं बघितलं आणि त्याचं तोंड उघडं पडलं. मी कशाला थांबते?

"मुडद्या! मढ्या! काळतोंड्या! बायामाणसांच्या मागं फिरतोस? तुझ्या तोंडात माती पडो! ये पुढं, मी डोळखांबची आहे, तुझ्यासारखे दहा चकवे मी चुलीत घातलेत!"

अहो, काय गुण उपायाला! तो मागं वळला आणि असा पळाला, असा पळाला की टोपी उडून बांधावर पडली, तरी थांबला नाय. कांद्याच्या शेतातून आडवा गेला!

"बघितलंत?" मी कमरेवर हात ठेवले.

ह्यांनी टोपी उचलली. उलटीसुलटी करून बघितली. "भुताला टोपी असते का गो?"

"जुन्नरचं भूत आहे. टोपी असणारच."

आणि खरंच वाट सुटली! वाटेत एका म्हातारीला सागरचं घर विचारलं, तिनं बोट दाखवलं, पोचलो. मला एवढी गुर्मी चढलेली की कपडे परत सुलटे करायचे ते राहूनच गेले. तसेच उभे राहिलो आमी दारात. लोंबते दोरे, सुटलेले केस, उलटा सदरा.

सागरची आई पायावर घालायला पाण्याची कळशी घेऊन हसत बाहेर आली. आमाला बघितलं. हसू गेलं. कळशी तशीच हातात. मग तिची नजर ह्यांच्या हाताकडं गेली.

"ही टोपी तर आमच्या मालकांची! तुमच्याकडं कशी?"

मी घाईनं लोंबते दोरे पदरात कोंबायला लागले.

"ते कुठं आहेत?" हे म्हणाले. आवाज कसला, कुजबुज.

"आत निजलेत. गोधडी घेऊन. तुमी आज येणार म्हणून सकाळधरनं तुमाला आणायला गेलते. फोन लागंना, म्हणून म्हणाले गावातच गाठतो, तिघं नवखी माणसं ओळखू येतील. दम्याचा माणूस, पण हाका मारत मारत गावभर फिरले. आणि मळ्याच्या बांधावर त्यांना हडळ दिसली! मोकळे केस, उलट्या पायाची, आणि काय शिव्या देत होती म्हणे! आत्ताच मीठमिरच्या ओवाळल्यात."

गोधडीतून बारीक आवाज आला. "कोण आलंय गं?"

धरणी फाटावी असं म्हणतात ना? माझी तर फाटायलाही तयार नव्हती. डोळ्यासमोर दिपाली आली. भाकरी थापता थापता हसणारी. मोडलं! माझ्या तोंडानंच मोडलं! वन्सं माझ्या मागं लपल्या, हे वन्संच्या मागं.

आणि गोधडी बाजूला झाली. त्यांनी मला बघितलं, मग माझे पाय बघितले.

"हीच ती! घरात आली! हीच ती!"

आयुष्यात मी कोणापुढं वाकले नाय. त्या दिवशी उंबऱ्यातच बसले, चपला काढल्या, डोकं टेकवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मारुती, कुत्री, दोन हाका, सगळं. शेवटी मला रडूच फुटलं. म्हटलं, "मला काय बोलायचं ते बोला. पोरीचा काय दोष नाय. ती माझ्यावर गेली नाय, बापावर गेलीय."

तेव्हा विहीणबाईंनी कळशी खाली ठेवली, पदर तोंडात धरला आणि भिंतीला टेकून अशा हसायला लागल्या की त्यांना उचकी लागली.

"अहो, लग्न झाल्यापासनं ह्यांना पळताना बघितलं नव्हतं मी! डाक्टर म्हणतो चालत जा, तर हे रिक्षा बघतात. आज कांद्यातनं पळाले! पोरगी आमचीच. फक्त तिची आई महिन्यातनं एकदा पाठवा."

लग्न झालं. दिपाली तिकडं सुखात आहे, मला फोनवर "हडळबाई" म्हणते. व्याही गाय माणूस, मनात काय ठेवलं नाय. वर्षातून एकदा आमच्याकडं येतात. पण घरात शिरत नायत. कुडाबाहेर उभे राहतात, दम खात खात मोजून तीन हाका मारतात आणि म्हणतात,

"विहीणबाई, आधी पाय दाखवा."

आणि मी, दहा चकवे चुलीत घालणारी, गुमान चपला काढते आणि अंगणात उभी राहून पाय दाखवते.