दीड वाजताची लाइन

कोयनानगरच्या वसाहतीत आकाराम डुबल यांना नावानं हाक मारणारे थोडे. बाकी सगळ्यांचे ते 'वायरलेस'. पंधरा वर्षं फौजेच्या सिग्नलमध्ये काढून ते धरण प्रकल्पाच्या बिनतारी खोलीत लागले, आणि १९९९ साली त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद पडला, खांब आडवे झाले, तरी कऱ्हाडला निरोप पोचायचा तो त्यांच्या हातून. खरखरीतून माणसाचा शब्द वेगळा काढावा तो वायरलेसनंच, असं लोक म्हणत. ते खरंही होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी मयूरी बहिरी होती. तीन वर्षांची असताना ताप डोक्यात गेला. ताप उतरला, पण ऐकणं गेलं आणि त्यापाठोपाठ बोलणंही. आईबापांशी ती हातांनी बोले. त्या खुणा तिघांनी घरातच बसवलेल्या. मूकबधिरांच्या शाळेत ती दहावीपर्यंत शिकली, टायपिंग शिकली, आणि चोविसाव्या वर्षी सांगलीच्या अवधूतशी तिचं लग्न झालं. अवधूत आणि त्याचा थोरला भाऊ यांचं लग्नपत्रिका, हँडबिलं संगणकावर जुळवून देण्याचं दुकान होतं. खाली दुकान, वर बिऱ्हाड. महिन्याभरात मयूरी दुकानातल्या संगणकावर बसली ती बसलीच. विहीणबाई कौतुकानं सांगत, "आमची सून बोलत नाही आणि चुकत नाही."

पहिल्या वर्षी तिची दोन-दोन पानी पत्रं येत. आमटीत गूळ फार घालतात, दीर चष्मा कुठंही ठेवतो आणि मला शोधायला लावतो, असल्या बारीकसारीक कुरबुरी त्यात असत. मग आंतर्देशीय पत्रं आली, मग पोस्टकार्डं. पोस्टकार्डावर चार ओळी, चौथी ओळ कायम 'मी बरी आहे'. मयूरीच्या आईला, शालूबाईंना, वाटलं, पोरगी रुळली. आकाराम 'नाही' अशी मान हलवत.

"कुरबूर बंद झाली म्हंजे बरं चाललंय आसं नसतंय," ते म्हणाले. "स्टेशन गप झालं की आमी आधी माणूस धाडायचो."

"मग धाडा की. आणायला जावा दिवाळीला."

दिवाळीला ते आणायला गेले. अवधूत म्हणाला, "बाबा, लग्नसराई तोंडावर आलीय. पत्रिकांची कामं अंगावर आहेत. संक्रांतीला बघू." विहीणबाई जवळच बसून होत्या, खुणा केल्या असत्या तर त्यांच्या नजरेत आल्या असत्या. मयूरी संगणकापुढं होती. बापाला काम दाखवायच्या निमित्तानं तिनं त्यांना खुर्चीमागं उभं केलं, एका पत्रिकेच्या मजकुराखाली एक ओळ टाइप केली, आणि त्यांनी वाचल्याबरोबर पुसून टाकली. 'दुपारी दीड ते अडीच मी एकटी. सगळे वर झोपतात.' मग तिनं टेबलावरच्या काळ्या डबीवर बोट ठेवलं. तो दुकानाचा मोडेम. पुण्याच्या छापखान्याला मजकूर पाठवायला भावांनी तो घेतलेला.

आकारामना जास्त सांगायची गरज नव्हती. संगणकातला मजकूर आवाजात बदलून टेलिफोनच्या तारेतून पाठवणारं ते यंत्र. दोन टोकांना दोन मोडेम असले, की इकडं टाइप केलेलं तिकडच्या पडद्यावर उमटतं. कानाचं काम नाही. आणि मुख्य म्हणजे, पत्रासारखं मधे कोणी वाचायला नाही. जन्मभर परक्यांचे निरोप पोचवलेल्या माणसाला स्वतःच्या मुलीचा निरोप घ्यायची वाट पहिल्यांदा दिसली.

कऱ्हाडला मुकुल नावाचा चाळिशीतला गृहस्थ संगणकदुरुस्तीचं दुकान चालवी. त्याच्याकडून त्यांनी एक जुना संगणक घेतला, त्यात बसवलेल्या मोडेमच्या कार्डासकट. चार दिवस पुस्तिका वाचून, पाचव्या दिवशी रजा टाकून, दुपारी दीडच्या ठोक्याला सांगलीचा नंबर लावला. तिकडच्या मोडेमनं पहिल्याच घंटेला फोन उचलला. शिट्ट्या वाजल्या, पडदा कोरा झाला, आणि त्यावर इंग्रजी अक्षरांतलं मराठी उमटलं: 'बाबा आहात का'.

"आहे. आई पण आहे," त्यांनी एका बोटानं टाइप केलं. शालूबाई मागं उभ्या होत्या.

'बाबा मला इथे' एवढं आलं आणि पुढं नुसती चिन्हं धावली, टोप्या, चौकोन, अर्धचंद्र. मग लाइन तुटली.

पुन्हा लावली. वीस सेकंदं. दुसऱ्या दिवशी पंधरा. कोयनानगरचा टेलिफोन म्हणजे दरीतून झाडांना घासत गेलेली जुनी तार. बोलताना माणसं तिच्यावर ओरडतात आणि भागवून घेतात, मोडेमला ओरडता येत नाही. आठवड्यात बापलेकीचं बोलणं झालं ते सगळं मिळून सात-आठ शब्दांचं. त्यातला एकही 'मला इथे'च्या पुढचा नव्हता.

ते मुकुलकडं गेले. त्यानं तक्रार ऐकून घेतली आणि टेबलावर दुसरा मोडेम ठेवला. जुना, वापरलेला, पत्र्याच्या पेटीतला, वजनाला चांगलाच.

"तुमचं कार्ड बंद डबा आहे," तो म्हणाला. "कारखान्यात भरलं तेच त्याच्यात. ते वेगाच्या मागं लागतं. लाइन खरखरली की सोडून देतं. ह्याचा आतला प्रोग्राम मात्र बदलता येतो. परदेशातल्या कुणा हौशी माणसानं ह्याच्यासाठी स्वतःचा प्रोग्राम लिहिलाय, खास खराब लाइनींसाठी. वेग सोडतो, लाइन सोडत नाही."

"म्हंजे आमच्या जुन्या सुभेदारागत. सावकाश बोलंल, पर रिसीव्हर खाली ठेवणार न्हाई."

मुकुल हसला. "असले मोडेम आता मिळत नाहीत. हा एक आहे. प्रोग्राम मी इथंच भरून देतो, उद्या घेऊन जा."

इथं आकाराम अडले. सिग्नलमध्ये पहिला धडा असा, की दुसऱ्यानं लावलेला सेट घ्यायचा नाही. ज्याची लाइन, त्यानं सेट लावायचा. हा धडा त्यांनी चाळीस वर्षं पाळला होता आणि त्याच्यावरच त्यांचं नाव होतं.

"फ्लॉपी द्या," ते म्हणाले. "माझा सेट मीच लावणार."

"लावा. पण डुबल, प्रोग्राम भरायला सात मिनिटं लागतात. तेवढ्यात वीज गेली तर जुना पुसलेला आणि नवा अर्धाच, असं होईल. मग ही पेटी नुसती वीट समजा, कामातून गेली. बॅटरीचा डबा देऊ का सोबत?"

"आवं, कोयनेच्या माणसाला ईज शिकवताय व्हय? सगळ्या मुलखाची लाइट आमी तयार करतो. आमच्यात जात न्हाई."

तेही खरं होतं. वसाहतीतली वीज सहसा जात नसे.

पुढच्या सोमवारी आकाराम एक वाजता बसले. दीडपर्यंत मोडेम तयार ठेवायचा हिशोब. फ्लॉपी घातली, पुस्तिकेतल्या पायऱ्या कागदावर लिहून घेतलेल्या, एकेका पायरीवर खूण करत गेले. पडद्यावर आकडा चढू लागला. दहा टक्के, वीस टक्के. शालूबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. साठ टक्क्यांना जमीन हलली.

धक्का किरकोळ होता. फळीवरची भांडी किणकिणली, टांगलेलं कॅलेंडर भिंतीवर घासलं, संपलं. वसाहतीत असे धक्के महिन्याला दोन-चार ठरलेले. आकाराम खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. पण वसाहतीची एक शिस्त होती. सदुसष्टच्या भूकंपात पडझडीनंतर आगी लागतील या धास्तीनं लोकांनी रात्र काढली होती, आणि तेव्हापासून घराघरांत ठरून गेलेलं: जमीन हलली की आधी चूल विझवायची, मग मेन स्विच पाडायचा, मग अंगणात. आकारामनी लग्नानंतर क्वार्टर मिळाल्यावर बायकोला पहिल्यांदा काय शिकवलं असेल तर हे. पंचवीस वर्षांत शालूबाईंचा हात त्यात चुकला नव्हता. आजही चुकला नाही. स्टोव्ह विझला, खटका पडला, त्या पिठाच्या हातांनी अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

"आवं, या की भाईर," त्यांनी हाक मारली.

आतून कोणी आलं नाही. त्या दारापर्यंत आल्या तर नवरा काळ्या पडद्याकडं बघत बसलेला.

"मेन पाडलास?"

"व्हय. हाललं न्हवं?"

आकाराम उठले. त्यांनी मेन चालू केला. संगणक लागला. मोडेमच्या पेटीवरचे सगळे दिवे एकदम पेटले आणि तसेच राहिले. बटण बंद करून चालू केलं, तरी तेच. दहा-बारा वेळा केलं.

"तुमीच शिकिवलंय," शालूबाई म्हणाल्या.

"मी कुटं काय म्हणालो."

"म्हणाला न्हाईसा. म्हणूनच सांगतीया."

मुकुलनं पेटी उघडून बघितली आणि मिटली. आतली चिप काढून बाहेर भरावी लागेल, तशी चिप मुंबईत शोधतो, महिना जाईल, मिळेलच असं नाही. "बॅटरीचा डबा मी म्हणालो होतो," हे तो म्हणाला नाही. आकारामनी जुनं कार्ड पुन्हा संगणकात बसवून घेतलं.

मयूरी सोमवारी दीडला बसून राहिली असेल, मंगळवारीही. तिला कळवायला दुसरी वाट नव्हती. बुधवारी आकारामनी नंबर लावला. 'बाबा' आणि चिन्हं. तुटली. पुन्हा लावला. लागली, तुटली. बिनतारीत असं नसतं. तिथं हाक घालत राहायचं, कधीतरी पलीकडून आवाज येतोच. त्या सवयीनं त्यांनी त्या दुपारी सांगलीचा नंबर अकरा वेळा फिरवला. रोज एक-दोनदाच वाजणारी घंटा दुपारच्या झोपेत कोणाच्या कानावर येत नव्हती. अकरा वेळा वाजलेली वरच्या मजल्यावर ऐकू गेली. ज्याच्या घंटेनं घर जागं होत होतं ते यंत्र ज्या खोलीत होतं, तिथं फक्त मयूरी होती, आणि तिला ती ऐकू येत नव्हती.

संध्याकाळी अवधूतचा फोन आला. आवाज शांत होता.

"बाबा, दुपारी मोडेमवर फोन करता म्हणे. दादानं स्वतः पाहिलं. काय असेल ते मला विचारत जा ना. मी सांगतोच की."

"पोरीशी बोलावं म्हटलं."

"मग मी काय परका आहे?"

 आकाराम म्हणाले, "तसं न्हवं."

रविवारी ते सांगलीला गेले. दुकानात मयूरीच्या जागी एक नवी मुलगी कामाला बसली होती. विहीणबाईंनी वर बोलावून घेतलं. "तिला म्हटलं आता विश्रांती घे, घरातलं बघ," त्या म्हणाल्या. बैठकीत अवधूत, त्याचा भाऊ आणि शेजारचे दोघे जण बसले होते. बोलणं उसाच्या भावावर चाललेलं.

मयूरी चहा घेऊन आली. ट्रेमध्ये पाच कप होते. ती एकेकापुढं वाकत बापाजवळ आली आणि थांबली. तिनं त्यांच्याकडं बघितलं. तिचे दोन्ही हात ट्रेला धरलेले होते, आणि तिचं बोलणं सगळं त्या हातांत होतं.

ट्रे तिच्या हातून घेऊन टीपॉयवर ठेवायला दोन सेकंद पुरले असते. पण मुलीच्या सासरी, व्याह्यांच्या देखत, बाप चहाचा ट्रे हातात घेत नाही. चारजण बघत होते.

आकारामनी कप उचलला. ती पुढच्या माणसाकडं वळली, उरलेला कप दिला, आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेली. आतून विहीणबाईंच्या पावलांमागं तिची पावलं ऐकू आली, मग दोन्ही थांबली.

"साखर बरोबर आहे ना, बाबा?" अवधूतनं विचारलं.

"हाय की," आकाराम म्हणाले, आणि चहा संपवून साडेतीनच्या कऱ्हाड गाडीसाठी उठले.